काळा पोशाख

परवा सायंकाळी ठाण्याच्या तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून अमेरिकन लेखक विल्यम डीन हॉवेल्स यांची १९०५ साली प्रसिद्ध झालेली ‘एडिथा’ ही कथा पुन्हा वाचली. नायिकेला प्रियकर हवा आहे तो वीर म्हणूनच. वृत्तपत्रांतील भारदस्त वाक्ये ती त्याला ऐकवत राहते, आणि युद्धाविषयी मनात शंका बाळगणारा जॉर्ज अखेर सैन्यात जाऊन पहिल्याच चकमकीत मारला जातो. एवढ्यावर कथा संपली असती, तर ती केवळ युद्धविरोधी बोधकथा ठरली असती.

पण एडिथा शोकाचा काळा पोशाख घालून जॉर्जच्या आईला भेटायला जाते, आणि ज्या बाईच्या नवऱ्याने अमेरिकेतल्या यादवी युद्धात हात गमावलेला आहे, ती सांत्वन स्वीकारण्याऐवजी तिला तो पोशाख उतरवायला सांगते. हॉवेल्स येथे एकही विशेषण वाया घालवत नाहीत; लढाईसुद्धा ते दाखवत नाहीत. (आपल्याकडचा एखादा लेखक या जागी पानभर रडला असता, असे मला उगाचच वाटून गेले.)

मला सर्वांत निर्दय वाटतो तो शेवट. एडिथाचे चित्र रेखाटणारी एक बाई त्या आईच्या बोलण्याला ‘असभ्य’ म्हणते, आणि त्या एका शब्दाच्या आधाराने एडिथाची शरम विरून जाते. ती पुन्हा आपल्या आदर्शात जगू लागते.