लॉर्ड कार्डिगन, ५४ मिमी: पाटलोण झाली, आता धुळीचा प्रश्न

मंडळी, लॉर्ड कार्डिगनच्या ५४ मिमीच्या पुतळीतला घोडा, रोनाल्ड, रंगवून झाला. तांबडं अंग, पायांवर पांढरं. क्रिमियन युद्धातल्या बालाक्लावाच्या लढाईतून जिवंत परतलेल्या या घोड्याचं मुंडकं डीन पार्क या कार्डिगन घराण्याच्या वाड्यात अजून जपलेलं आहे. घोडा बिचारा पटकन जमला, वेळ खातोय तो मालक.

सगळ्यात जास्त जीव पाटलोणीने काढला. १८४० मध्ये कार्डिगनच्या रिसाल्याने प्रिन्स अल्बर्टला डोव्हरहून कँटरबरीला सोबत केली, त्याच वर्षी ते ११वे हुसार (हलकं घोडदळ) झाले आणि किरमिजी पाटलोणी आल्या. कार्डिगन, म्हणजे सातवे अर्ल जेम्स ब्रुडनेल, वर्षाला दहा हजार पौंड पदरचे घालून आपली माणसं नटवायचे म्हणतात. खाली विटकरी तपकिरी, वर किरमिजीचे पातळ थर. हायलाइटला पांढरा मिसळू नका, सरळ गुलाबी होतं. चिमूटभर नारिंगी पुरतो. जरीच्या पट्ट्यांना आधी गेरू, मग फक्त उठावावर मेटॅलिक सोनेरी.

आता धूळ. क्रिमियातली फिगर म्हटली की आपण डोळे मिटून पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) फासतो. या गृहस्थांना ते चालणार नाही. लाइट ब्रिगेडची (ब्रिटिशांच्या हलक्या घोडदळाची) माणसं तंबूत कुडकुडत होती, तेव्हा त्यांचा हा सेनापती बालाक्लावाच्या बंदरात ‘ड्रायड’ या स्वतःच्या यॉटवर झोपायला जायचा. म्हणून मागचे स्वार मळकट आणि हा कोरा करकरीत, असंच ठेवतोय.

माणूस होताच तसा. १८४० मध्येच मेसच्या टेबलावर मोझेल वाइन काळ्या बाटलीत आली एवढ्यावरून कॅप्टन रेनॉल्ड्सला अटकेत टाकलं. त्याच वर्षी विम्बल्डनच्या माळावर कॅप्टन टकेटशी द्वंद्व केलं, त्याला गोळी घातली, आणि १८४१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर सुटलाही! कारण काय, तर आरोपपत्रातलं लांबलचक पूर्ण नाव म्हणजेच हा टकेट, हे सरकारी वकिलांना सिद्ध करता आलं नाही. पेपरवाल्यांनी सोलून काढलं, थिएटरात लोकांनी हुर्यो उडवली.

पण २५ ऑक्टोबर १८५४ ला साधारण ६७० स्वारांच्या पुढे, एकटा, सत्तावन्न वर्षांचा हाच माणूस रशियन तोफांवर चालून गेला. तोफांपलीकडे पोचला आणि मागच्यांचं काय झालं ते न बघता परत फिरला. इंग्लंडात आधी जयजयकार. पुढे ब्रिटिश सरसेनापती रॅग्लनचा एडीसी (मदतनीस अधिकारी) कॅलथॉर्प याने लिहिलं की हा तोफांपर्यंत गेलाच नव्हता. कार्डिगनने कोर्टात खेचलं. १८६३ मध्ये दावा फेटाळला गेला, पण तो तोफांमध्ये शिरला होता एवढं कोर्टाने मान्य केलं. माझ्या मते भित्रा तो नव्हताच. आपल्या माणसांची फिकीर नसणं हा वेगळा दोष, आणि तो कोर्टात धुऊन निघत नाही.

त्यामुळे दारूच्या धुराची काजळी फक्त समोरून: रोनाल्डची छाती, तलवारीच्या हाताची बाही. पाठ स्वच्छ.

एक अडचण उरली. किटमध्ये पेलीस (हुसारांचं फरच्या कडेचं आखूड जाकीट) खांद्यावर लटकलेली दिली आहे, त्या दिवशी मात्र ती त्याने कोटासारखी अंगात घातली होती. लटकती कापून इपॉक्सी पुटीने बाह्या चढवतोय. फरची कड पुटीत सुईने ओढू की ब्रशनेच भागवू? कुणी केलं असेल तर फोटो टाका.