रक्त तपासून कॅन्सर कळतो का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी पॅथॉलॉजिस्ट आहे हे कळलं की गप्पा कुठल्याही विषयावर चाललेल्या असोत, थोड्या वेळात हा प्रश्न येतोच: "मॅडम, कॅन्सर लवकर कळावा म्हणून रक्ताची एखादी तपासणी असते ना? कुठली करून घेऊ?" विचारणाऱ्याच्या नात्यातलं कुणीतरी बहुतेक वेळा नुकतंच या आजाराने गेलेलं असतं. त्यामागची भीती खरी असते, आणि उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने ती जात नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काहीही त्रास नसलेल्या माणसाचं रक्त घेऊन 'तुम्हाला कुठलाच कॅन्सर नाही' असं छातीठोकपणे सांगेल अशी तपासणी आज नाही. रक्ताच्या कॅन्सरचं वेगळं आहे. ल्युकेमियाचा पहिला सुगावा बऱ्याचदा साध्या सीबीसीतच, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीतच, लागतो. पण फुप्फुस, स्तन, आतडं, स्वादुपिंड यांतल्या गाठी रक्तात इतक्या सरळ दिसत नाहीत.

मग हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये 'कॅन्सर मार्कर' म्हणून जे असतं ते काय? सीईए, सीए-१२५, सीए १९-९ ही त्यातली नेहमीची नावं. ही द्रव्यं काही कॅन्सरमध्ये रक्तात वाढतात हे खरं. पण ती इतर कारणांनीही वाढतात, आणि कॅन्सर असूनही कधी कधी वाढत नाहीत. सीईएचा शोध १९६५ सालचा. आतड्याच्या कॅन्सरचं निदान झालेल्या रुग्णात उपचार लागू पडताहेत का, ऑपरेशननंतर आजार उलटतोय का, हे पाहायला तो फार उपयोगी आहे. पण सिगारेट ओढणाऱ्याचा सीईए कॅन्सर नसतानाही वाढलेला असू शकतो. सीए १९-९ तर काही माणसांच्या शरीरात मुळात तयारच होत नाही, त्यामुळे स्वादुपिंडात गाठ असली तरी त्यांचा रिपोर्ट नॉर्मलच येणार. पुरुषांमध्ये प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरसाठी करतात ती पीएसए तपासणी प्रोस्टेट नुसतं वयाने वाढलं किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी वर जाते. ती करायची की नाही हे पन्नाशीनंतर डॉक्टरांशी बोलून ठरवावं.

एक तरुण मुलगी माझ्याकडे फाइल घेऊन आली होती. पॅकेजमध्ये सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरचा मार्कर) होतं म्हणून झालेलं. तो ३५च्या आत हवा, तिचा ८२. आकड्यापुढे ठळक 'एच' (म्हणजे 'हाय', जास्त) छापलेलं आणि त्याभोवती कुणीतरी पेनाने दोनदा गोल केलेला. सोनोग्राफी झाली, एमआरआय झाला, दरम्यान तिची झोप उडाली होती. निघालं एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा, कॅन्सर नसलेला आजार. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात, पोटाच्या टीबीतही हा आकडा वाढतो. रक्त काढण्याआधी हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिचे ते दिवस वाचले असते, असं मला अजून वाटतं.

"पण मॅडम, लवकर सापडलं तर चांगलंच ना?" हा पुढचा प्रश्न, आणि इथेच खरी गोम आहे. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यांतल्या एका गटाचं सीए-१२५ दरवर्षी तपासलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आला: त्या गटात अंडाशयाचे कॅन्सर आधीच्या टप्प्यावर जास्त सापडले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. समजा, एखाद्याला आजार ६५व्या वर्षी कळला आणि तो ७०व्या वर्षी गेला. तोच आजार तपासणीने ६२व्या वर्षी कळला आणि तरीही तो ७०व्याच वर्षी गेला, तर कागदावर तो निदानानंतर पाचऐवजी आठ वर्षं जगला असं दिसतं. आयुष्य मात्र एका दिवसानेही वाढलेलं नाही. म्हणून कुठल्याही तपासणीची जाहिरात वाचताना मी 'किती लवकर सापडतं' यापेक्षा 'मृत्यू कमी झाले का' हे शोधते.

सध्या ज्या नव्या तपासण्यांची चर्चा आहे त्या निराळ्या तत्त्वावर चालतात. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाल पेशी खाली बसतात, त्यांच्यावर पांढऱ्या पेशींचा अगदी पातळ पापुद्रा, आणि वर फिकट पिवळा प्लाझ्मा. मेलेल्या पेशींतून सुटलेले डीएनएचे बारीक तुकडे या प्लाझ्मात तरंगत असतात. हे १९४८ पासून माहीत आहे. गाठ असेल तर तिचेही तुकडे त्यात मिसळतात आणि त्यांच्यावरच्या रासायनिक खुणांवरून ते कुठल्या अवयवातून आले याचा अंदाज बांधता येतो. विज्ञान म्हणून मला हे विलक्षण वाटतं. अडचण एवढीच की गाठ लहान असताना हे तुकडेही नगण्य असतात, आणि आपल्याला तर ती लहान असतानाच पकडायची असते. गॅलेरी नावाच्या अशा तपासणीत पहिल्या टप्प्यातल्या कॅन्सरपैकी जेमतेम १७ टक्के पकडले गेले, चौथ्या टप्प्यातले मात्र ९० टक्के. पन्नाशीपुढच्या साडेसहा हजारांवर लोकांवर ती करून पाहिली तेव्हा ९२ जणांत इशारा मिळाला. त्यांतल्या ३५ जणांनाच कॅन्सर निघाला. उरलेल्या ५७ जणांनी काय काय सोसलं असेल याचा विचार करा.

आतड्याच्या कॅन्सरसाठी शील्ड नावाच्या रक्ततपासणीला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. ती कॅन्सर सुमारे ८३ टक्के वेळा ओळखते, पण पुढे कॅन्सर होऊ शकेल असे मोठे पॉलिप (आतड्याच्या आतल्या भिंतीवरचे कोंब) फक्त १३ टक्के. कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून पाहताना, तो पॉलिप दिसतो आणि तिथल्या तिथे काढूनही टाकता येतो, म्हणजे कॅन्सर होण्याआधीच थांबतो. कोलोनोस्कोपीला अजिबात तयार नसलेल्यांनी काहीच न करण्यापेक्षा रक्ताची तपासणी बरी, इतकंच मी म्हणेन.

चुकून वाढलेल्या आकड्यापेक्षाही मला नॉर्मल रिपोर्टची धास्ती जास्त वाटते. शौचावाटे रक्त जातंय, वजन उतरतंय, पण "मार्कर नॉर्मल आहे, मूळव्याधच असणार" म्हणून महिनोन् महिने अंगावर काढणारी माणसं मी पाहिली आहेत. स्तनात गाठ लागत असेल, तोंडातली जखम तीन आठवडे भरत नसेल, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला असेल, तर रक्ताचा रिपोर्ट काहीही सांगो, डॉक्टरांना दाखवाच.

रक्ताच्या काही तपासण्या मी स्वतःहून सुचवते, आणि गंमत म्हणजे त्यांच्या नावात कॅन्सर हा शब्दच नाही. हिपॅटायटिस बी आणि सी. हे विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतात आणि पुढे यकृताच्या कॅन्सरला कारण ठरतात. बी साठी लस आहे; तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना ती द्यायला सुरुवात केली आणि पुढे मुलांमधला यकृताचा कॅन्सर स्पष्टपणे घटला. सी तर आता दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. साधं हिमोग्लोबिनही बोलकं असतं: पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी होऊन रक्त उतरलं असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन गप्प बसू नका, रक्त कुठून जातंय ते शोधायला सांगा. आई, मावशी, बहीण अशा जवळच्या नात्यात स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर कमी वयात झाला असेल, तर बीआरसीए जनुकांच्या (ज्यांतल्या दोषाने या कॅन्सरचा धोका वाढतो) तपासणीबद्दल जेनेटिक कौन्सेलरशी बोला. आधी बोलणं, मग रक्त.

बाकी ज्या तपासण्यांनी जीव वाचल्याचे पुरावे आहेत त्या रक्ताबाहेरच्या आहेत: गर्भाशयमुखाची पॅप (तिथल्या पेशींची) किंवा एचपीव्ही (तिथल्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची) तपासणी, ठरावीक वयानंतर मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे), आतड्याची तपासणी, आणि वर्षानुवर्षं भरपूर सिगारेट ओढलेल्यांसाठी कमी मात्रेचा छातीचा सीटी.

सवयींबद्दल नवीन काही सांगण्यासारखं नाही, पण क्रम महत्त्वाचा. तंबाखू सगळ्यात आधी. ओढायची असो की चघळायची, ती सोडण्याइतका फायदा दुसऱ्या कशातच नाही. मग दारू, जिची कॅन्सरच्या बाबतीत सुरक्षित अशी मात्राच नाही. मुलामुलींना वेळेवर एचपीव्हीची लस. वजन आणि रोजची हालचाल त्यानंतर.

आणि पॅकेज आधीच करून झालं असेल, मार्कर थोडा वाढलेला दिसत असेल, तर रात्रभर मोबाइलवर शोधत बसू नका. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा. बऱ्याचदा ते काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करायला सांगतात. ती त्याच लॅबमध्ये करा, कारण वेगवेगळ्या मशीनवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. जाताना जुने रिपोर्टही सोबत न्या.