एवढं बेकिंग करता कधी?

सोसायटीत, शाळेच्या गेटवर, आणि आता नणंदेच्या सासूबाईंनी पण विचारलं, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. दोन पोरं, त्यांच्या शाळेच्या एवढ्या भानगडी, तरी तुमच्या घरी ओव्हन चालूच, जमवता कसं? तर वेळबिळ काही काढत नाही हो मी. शाळेचं आठवड्याचं वेळापत्रक बघते आणि कुठलं पीठ थांबतं, कुठलं थांबत नाही, त्यावर ठरवते.

आता हा डिसेंबरचाच आठवडा घ्या, गॅदरिंगची प्रॅक्टिस, स्पोर्ट्स डे, सायन्स एक्झिबिशन, शनिवारी आनंद मेळावा, आणि त्यात आमच्या नागपुरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. तुमच्यासाठी ती बातमी असेल, आमच्यासाठी व्हॅन लेट. मॉरिस कॉलेज टी पॉइंटला मोर्चा अडवला की पोट्टे घरी कधी येतील काही भरवसा नाही. अशा दिवशी मी पाव करते. थंडीत यीस्टचं पीठ तसंही रेंगाळतं, मे महिन्यात बघता बघता डबल होतं ते आता अर्धा दिवस घेतं, घेऊ दे ना बाप्पा. बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याची वाटी ठेवायची, शेजारी पिठाचं भांडं झाकून ठेवायचं आणि बर्डीच्या बाजारातून गॅदरिंगचा ड्रेस भाड्याने आणायला निघायचं.

संत्र्याच्या केकचं तसं नाही. तो थांबत नाही. एक तर रस आयत्या वेळी काढावा लागतो, आपल्या संत्र्याचा रस ठेवला की कडू होतो, आणि मिक्सरमध्ये बिया भरडल्या गेल्या तर विचारूच नका. मी फोडी सोलून बिया काढते आणि हातानेच पिळते. साल किसताना फक्त वरचा केशरी भाग, खालचं पांढरं आलं की तेही कडू. आणि रसात सोडा पडला की लगेच फसफसतो, तेव्हा ओव्हन आधीच 180 वर तापलेला पाहिजे, नाहीतर सगळा गॅस भांड्यातच निघून जातो आणि केक बसतो. धाकट्याचा एक्झिबिशनचा ज्वालामुखी हाच, व्हिनेगर आणि सोडा. ओट्याशी उभा राहून तो ताईला म्हणे, आई लावा करून राहिली. ताई सातवीत, तिने लगेच कार्बन डायऑक्साइडवर लेक्चर दिलं, तोपर्यंत मी टिन आत सरकवला. मॅडमसमोर त्याने तेच लेक्चर जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

आनंद मेळाव्याला नानखटाई, कारण ती सगळ्यात समजूतदार. एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, चांगलं फेटून दोन वाट्या मैदा, थोडं बेसन, चिमूटभर बेकिंग पावडर, वेलची, बस्स. गोळा रात्री फ्रिजमध्ये टाकला तरी चालतो, म्हणजे मग रात्री दहाला ग्रुपवर "उद्या चार्ट पेपर आणि आइस्क्रीमच्या काड्या पाठवा" असा मेसेज आला तरी माझं डोकं फिरत नाही. सकाळी थोडा नरम होऊ द्यायचा, चपटे पेढे वळायचे, 160 वर साधारण वीस मिनिटं. गरम असताना मऊच लागते, कच्ची राहिली म्हणून परत आत घालू नका, गार झाली की खुसखुशीत होते.

स्टॉलवर भाव ताईनेच ठरवला. सामान आईचं, म्हणजे नफा पूर्ण आमचा, असं धाकट्याचं गणित. तुपाचं बिल मी त्याच्या वहीत लावून ठेवलंय.