हेडलाइनच्या खालीही बातमी असते

"ठाण्यात २४ तास पाणी नाही!" एवढीच ओळ आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आली आणि आमच्या बिल्डिंगमध्ये पिंपं, कळशा, बादल्या, हाताला लागेल ते भरणं सुरू झालं. वरच्या टाकीने तासाभरात तळ गाठला. चौथ्या मजल्यावरच्या काकू दुखरे गुडघे सांभाळत खालून कळशी नेत होत्या. फार वाईट वाटलं.

लिंक कुणीच उघडली नव्हती. तिसऱ्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं: काम एमआयडीसीच्या जलवाहिनीचं, पाणी बंद दिवा, मुंब्रा, कळव्यात. ठाण्याला पाणी एकाच ठिकाणाहून येत नाही हो! पालिकेची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका असे चार स्रोत आहेत. म्हणून अशी बातमी दिसली की आधी विचारायचं, कुठलं पाणी?

मे २०२३ मध्येही "दोन हजारची नोट बंद" वाचून लोक हादरले होते. रिझर्व्ह बँकेने नोट चलनातून मागे घेतली होती, पण ती कायदेशीर चलन म्हणून वैधच होती.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. ज्यांचं पाणी खरंच गेलं, त्या दिव्याचं नाव हेडलाइनमध्ये नाही. तिथल्या लोकांचे हाल "ठाणे" या एका शब्दाखाली दडपले जातात.

भागांची यादी ग्रुपवर टाकली आहे. दिव्यातलं कुणी हे वाचत असेल तर पाणी आलं का, ते कमेंटमध्ये नक्की कळवा.