त्स्वेंकाऊ तळ्याची फेरी: 'सोपी चाल' कोण म्हणालं?

आधी निकाल सांगतो. जर्मनीतल्या लाइप्झिग शहराच्या दक्षिणेला कोळसा खाणींच्या जागी जी तळी झाली आहेत, त्यांतलं त्स्वेंकाऊ हे सगळ्यात मोठं. त्याची पूर्ण फेरी पायी करू नका. सायकल असेल तर खुशाल जा. पायीच जायचं असेल तर शेजारच्या कॉस्पुडेन तळ्याला जा, फेरी साधारण अकरा किलोमीटर, झाडं आहेत, वाळूचा किनारा आहे, विषय संपला.

आम्ही फसलो ते ऑफिसातल्या एका सहकाऱ्यामुळे. "एकदम सपाट, मस्त रस्ता, दोन-अडीच तास, वाटेत आइस्क्रीम." यातला शब्दन् शब्द खरा होता. तो सायकलवर गेला होता, एवढंच सांगायचं राहिलं. बावीस किलोमीटर! हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलेला माणूस मी, सपाट रस्त्याला काय घाबरायचं, म्हणून नकाशावर अंतर बघायचे कष्टही घेतले नाहीत. तेव्हा अर्धी चूक माझी.

आम्ही तिघे होतो: मी, बायको आणि चंद्रपूरजवळच्या घुग्घुसहून आलेल्या तिच्या आत्या. वय बासष्ट, यजमान खाणीतून निवृत्त. जुलैचा रविवार, दुपारी तेहतीस डिग्री. चंद्रपूरच्या माणसाला तेहतीस डिग्री म्हणजे पंखासुद्धा न लावण्याचं हवामान, त्यामुळे इथून पुढे आत्यांच्या दमाशी स्वतःची तुलना करू नका. मी केली, पस्तावलो.

लोकलने गाशविट्झला उतरलो आणि नॉये हार्टच्या जंगलातून तळ्याच्या पूर्व काठाला लागलो. सावली, पक्षी, गारवा, सगळं छान. हे जंगल मुळात खाणीच्या मातीवर लावलेलं आहे. जुनं हार्टचं जंगल खाणीनेच खाल्लं. आत्यांनी बुटाने माती उकरून बघितली आणि म्हणाल्या, "हे तं ओबी हाय जी!" ओबी म्हणजे कोळशाच्या वरची काढून टाकलेली माती. घुग्घुस-वणीच्या रस्त्याला तिचे डोंगरच्या डोंगर दिसतात. जर्मनीत येऊन त्यांना पहिली ओळखीची गोष्ट भेटली ती ही.

इथे १९२१ पासून १९९९ पर्यंत उघड्या खाणीतून लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, काढला. २००७ पासून खड्ड्यात पाणी भरायला लागले आणि २०१५ मध्ये तळं लोकांसाठी खुलं झालं. पाण्याचं क्षेत्रफळ सुमारे ९७० हेक्टर. "गावं कुठं गेली मग?" हा आत्यांचा दुसरा प्रश्न. खाणीच्या मुलखातला माणूस हे विचारणारच. आयट्रा नावाचं गाव होतं, १९८० च्या दशकात उठवलं. त्याच गावाच्या जमिनीत सात हजार वर्षांपूर्वीच्या, ओकच्या लाकडाने बांधलेल्या विहिरी सापडल्या होत्या. म्हणजे शेतकरी तिथे सात हजार वर्षं टिकले आणि कोळशाने एका पिढीत उठवले.

दक्षिणेला काप त्स्वेंकाऊ म्हणून बंदर आहे, तिथे जेवलो. बरं होतं. खरी गोष्ट पुढे.

निघताना टपरीवर तीन लिंबू सरबतं घेतली. एकाचे साडेचार युरो, वर प्रत्येक कपाचे दोन युरो अनामत. कार्ड चालत नाही, रोखच. कप प्लास्टिकचा, वर होडीचं चित्र. कप परत दिला की दोन युरो परत, पण त्याच टपरीवर. आम्ही सरबत पीत पीत चालायला लागलो होतो. ही अट कुठे लिहिलेली नव्हती; मी दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या टपरीत कप पुढे केला तेव्हा त्या बाईने नुसती मान हलवली. सहा युरो! त्या पैशात शनिवारी दुकानातून पाण्याच्या डझनभर बाटल्या आल्या असत्या. शनिवारीच घ्या, रविवारी इथली दुकानं बंद असतात हे विसरू नका. आणि सरबत प्यायचं तर टपरीसमोर उभं राहून प्या.

आता पश्चिम आणि उत्तर काठ. दुपारी दोन ते साडेपाच. गुळगुळीत डांबर, सरळसोट, दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत, झाड म्हणावं असं दिसलं तर ते कमरेएवढं. पाणी दिसतं पण हाताला लागत नाही. उत्तरेला तर भर म्हणून ए-३८ महामार्गाचा घुरघुराट. मागून दर मिनिटाला सायकलची घंटा. आपण बाजूला होतो, ते "डांके" (धन्यवाद) म्हणून सुसाट जातात, पुन्हा घंटा. तिघांनी एका ओळीत चालायचं, म्हणजे गप्पाही नाहीत. चढ असता तर पाय तरी बदलून पडले असते. बावीस किलोमीटर एकाच कोनात टाच आपटून माझ्या डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला. ट्रेकिंगचे जाड बूट घालू नका. इथे ते शिक्षा आहेत. साधे धावायचे बूट, टोपी, माणशी दोन लिटर पाणी.

मध्येच मी वैतागून शॉर्टकट म्हणून उतारावरून पाण्याकडे जायला निघालो. तिथे पिवळी पाटी: प्रवेश बंद, जिवाला धोका. मला वाटलं, जर्मन लोकांची सवय, प्रत्येक गोष्टीला पाटी. आत्यांनी दंडाला धरून ओढलं. "काहून जी, मरायचं हाय का? ओबी वली झाली का सरकते." आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. खाणीतून काढून परत टाकलेली वाळू दाबून बसलेली नसते. खालून भूजल चढलं की कण एकमेकांना सोडतात आणि अख्खा उतार पातळ पदार्थासारखा वाहायला लागतो. १८ जुलै २००९ ला इथून वायव्येला नाख्टरश्टेट गावी अशाच खाणीच्या तळ्याचा काठ घरांसकट पाण्यात गेला, तीन माणसं गेली. तर पाटी दिसली की मागे फिरा, कुत्रं किंवा मुलाचा चेंडू आत गेला तरी. बाकी माझ्या चिडचिडीकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल, हे वाक्य सोडू नका.

एवढं वाचूनही पूर्ण फेरी करायचीच असेल, तर आमच्या उलट करा. गाशविट्झहून सकाळी सातला निघा आणि आधी उत्तर काठ, मग पश्चिम. ऊन चढेपर्यंत ते रखरखीत संपतं, जेवायला बंदर, आणि शेवटी जंगलाची सावली. दमलात तर बंदराजवळच्या गावातून बस मिळते. गावाला रेल्वे नाही, म्हणून परतीची वेळ आधी फोनवर बघून ठेवा. रविवारच्या बशी मोजक्याच. गवतात बसलात तर घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत गोचीड शोधा.

कॉस्पुडेनला आम्ही आदल्या दिवशी गेलो होतो. ते २००० मध्येच खुलं झालं, पाणी स्वच्छ आहे, टेकडीवरच्या मनोऱ्यातून लाइप्झिग आणि दक्षिणेला लिपेनडोर्फच्या वीज केंद्राची वाफ दिसते. ते केंद्र आजही लिग्नाइटवरच चालतं. वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर एक सूचना: काठाचा काही भाग विवस्त्र पोहणाऱ्यांसाठी असतो, आणि पूर्व जर्मनीत याचं कुणाला काही वाटत नाही. आम्ही बेसावध होतो. आत्या दोन मिनिटं तळ्याकडे बघत चालल्या आणि मग एवढंच म्हणाल्या, "पाणी थंड असन नाही?"

तिन्ही कप घरी आले. एक आता तांदूळ मोजायला आहे. काठोकाठ भरला की बरोबर दोन माणसांचा भात होतो.