नव्वद मिलिलिटर

इंदुरात माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. सकाळी सातला उघडतो, नऊपर्यंत उपाशीपोटी आलेल्यांची गर्दी ओसरते, मग कोपऱ्यावरच्या गाडीवरचे पोहे. वर्षातून पाच-सहा वेळा मात्र वेगळ्याच कामाला जातो, खेळाडूंच्या डोप टेस्टचा नमुना घ्यायला. फक्त घ्यायला, तपासणी दिल्लीच्या प्रयोगशाळेत होते. ज्याचं आयुष्य लघवीच्या बाटल्या निरखण्यात गेलं, त्याने बाटली सील करून मुकाट्याने रवाना करायची, असं ते काम.

पुढचं सगळं त्या खेळाडूला विचारून लिहितोय. खेळ कबड्डी आणि गाव इंदूर, एवढं खरं. नाव, संघ, साल आणि ओळख पटेल असं बाकीचं काही बदललंय, काही गाळलंय.

खात्यांच्या संघांची स्पर्धा होती. उपउपांत्य सामना संपला आणि डाव्या कोपऱ्याचा खेळाडू मॅटवरून उतरताच आमच्या माणसाने त्याला कळवलं की तुमची टेस्ट आहे. त्या क्षणापासून नमुना देईपर्यंत खेळाडूला नजरेआड होऊ द्यायचं नसतं. आठ वाजून दहा मिनिटांनी तो आमच्या खोलीत आला. चोवीस-पंचवीसचा, उंचीने बेताचा, मांड्या खांबासारख्या. बरोबर प्रतिनिधी म्हणून संघाचे मालिशवाले, ज्यांना सगळे मामा म्हणत होते. सामन्याची शेवटची पंधरा मिनिटं मी दारातून पाहिली होती. या पोराने दोन वेळा घोट्यात पकड करून रेडर आडवा केला होता. तेव्हा चालीत काही दिसलं नाही. खोलीत येईपर्यंत तो उजवा पाय ओढत होता.

ओळखपत्र, सह्या, सीलबंद पाण्याच्या बाटल्या. कमीत कमी नव्वद मिलिलिटर नमुना लागतो. मॅटवर तासभर घाम गाळलेल्या माणसाला ते एकदम कुठून होणार? वाट बघणं हाच या कामाचा मोठा भाग. मी मामांशी मराठीत बोललो तसं पोरगं चमकलं.

"सर, तुम्ही मराठी?"

"इथलाच."

"इंदुरात पण मराठी माणसं असतात?"

हा प्रश्न मला महाराष्ट्रातून येणारा प्रत्येक जण विचारतो. होळकरांच्या काळापासून आहोत बाबा, असं एकदा छापूनच घ्यायला हवं.

सव्वानऊला तो म्हणाला, होईल बहुतेक. नियम असा की नमुना शरीरातून बाहेर येताना दिसला पाहिजे, त्यामुळे साक्षीदार आत असतो आणि खेळाडूने शर्ट छातीपर्यंत वर, पँट गुडघ्यापर्यंत खाली घ्यायची. संकोच दोघांनाही असतो, सवयीने माझा गेलाय. मी बाजूला उभा होतो आणि दिसलं ते कमरेखाली, दोन्ही कुल्ल्यांवर. सुयांच्या खुणा. काही ताज्या, लालसर टिपक्यासारख्या. काही जुन्या, भोवती पिवळट निळं कडं असलेल्या. एका जागी गोल पट्टी अजून चिकटलेली. मी सहापर्यंत मोजल्या आणि मोजणं सोडलं.

नमुना निघाला पस्तीस मिलिलिटर. रंग टपरीवरच्या काळ्या चहाचा. तो तात्पुरता सील करून बाजूला ठेवला, पुन्हा पाणी, पुन्हा वाट. पावणेअकराला दुसऱ्यांदा जमलं. ए आणि बी बाटल्यांत ओततो तो खेळाडू, आम्ही हात लावत नाही. त्याने बेताबेताने ओतलं, झाकणं कटकट वाजेपर्यंत आवळली, बाटल्या उलट्या करून गळत नाहीत ना ते पाहिलं. भांड्यात तळाशी उरलेल्यावर मी घनता मोजली, १.०३२. दाट, पण टेस्टला चालते. पातळ असती तर अडचण होती.

माझं लक्ष वेगळीकडेच होतं. उरलेल्या लघवीवर फेस होता आणि तो बसत नव्हता. धारेचा फेस अर्ध्या मिनिटात विरतो. लघवीत प्रोटीन असलं, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीतून ते गळत असलं, की बिअरच्या ग्लाससारखा टिकून राहतो. लॅबमध्ये असतो तर लघवी तपासायची साधी पट्टी बुडवून मिनिटात सांगितलं असतं. इथे ती बुडवायचा मला अधिकार नाही. नियमाप्रमाणे उरलेला नमुना खेळाडूसमोर टाकून द्यायचा असतो. टाकला. फ्लश केला.

मग फॉर्मचा शेवटचा भाग. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं.

पोरगं प्रामाणिक होतं, हे मुद्दाम नोंदवतो. खिशातून चिठ्ठी काढून वाचू लागलं. डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन, पंचाहत्तर मिलिग्रॅम, रोज एक, सामन्याच्या दिवशी दोन. एसिक्लोफेनॅक-पॅरासिटामोलची गोळी, सकाळ-संध्याकाळ. एटोरिकॉक्सिब नव्वद, रात्री. पोट जळतं म्हणून पँटोप्रॅझोल. फॉर्मवरचा रकाना संपला, मी समासात लिहीत गेलो.

"इंजेक्शनमध्ये डेक्सा मिसळलेलं नाही ना?"

"छे सर. स्टेरॉइडचं इंजेक्शन स्पर्धेत बंद आहे, २०२२ पासून."

"आणि ट्रॅमाडॉल, ते कडक वेदनाशामक?"

"ते पण बंद. २०२४ च्या एक जानेवारीपासून. आधी घ्यायचो, आता हात नाही लावत." मग जरा अभिमानाने, "सामन्याआधी सलाइन पण नाही लावली. बारा तासांत शंभर मिलीच्या वर चालत नाही ना."

सगळं बिनचूक. यादी माझ्यापेक्षा त्याला जास्त पाठ होती. सलाइनच्या नियमाला कारण आहे, नसेतून पाणी भरून नमुना पातळ करता येतो. पण माझ्यासमोर बसलेल्या माणसाच्या शरीरात पाणी नव्हतं, ते नसेतून भरणं नियमात बसत नव्हतं, आणि कोरड्या शरीरात रोज चार मात्रा वेदनाशामक ओतणं बसत होतं. डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, एटोरिकॉक्सिब ही एकाच घराण्यातली सख्खी-चुलत भावंडं. त्याला वाटत होतं की एक सुजेचं, एक दुखण्याचं, एक झोपेचं.

ही औषधं प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं बनू देत नाहीत, म्हणून सूज आणि दुखणं कमी होतं. हीच द्रव्यं मूत्रपिंडातही कामाला असतात. इंदूरकराला हे पटकन समजेल. आमच्याकडे नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, आणि प्रेशर कमी असलं की वॉल्व्हवाला आमच्या गल्लीचा वॉल्व्ह जरा जास्त उघडतो. शरीरातलं पाणी घटलं की प्रोस्टाग्लँडिन हेच करतं, मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी रुंद ठेवतं. वेदनाशामक घेतलं म्हणजे वॉल्व्हवाल्याला सुट्टी दिली. भरपूर पाणी प्यायलेल्या, घरी बसलेल्या तरुणाचं दोन दिवसांच्या गोळ्यांनी सहसा काही बिघडत नाही. घामाने निथळणाऱ्याचं बिघडू शकतं.

याच डायक्लोफेनॅकने आपली गिधाडं गेली. हे औषध दिलेली गुरं मेली, ती गिधाडांनी खाल्ली, आणि मूत्रपिंडं बंद पडून पक्षी झाडांवरून गळाले. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. माणसाचं मूत्रपिंड गिधाडापेक्षा कितीतरी चिवट, तुलना शास्त्रीय नाही, मला कळतं. पण त्या रात्री डोक्यात गिधाडंच घिरट्या घालत होती.

फॉर्मवर सह्या झाल्या. मी माझी प्रत घेतली, त्याने त्याची. काम संपल्यावरच मी "तुम्ही" सोडलं.

"बाहेर चल जरा."

पार्किंगमध्ये त्याला विचारलं की लघवी कधीपासून अशी होते. म्हणाला, शिबिरापासून. म्हणजे पाच आठवडे. इंजेक्शन कोण देतं? मामा खाली बघायला लागले. चिठ्ठी कुणाची? चिठ्ठी लागते का, दुकानात मिळतं की.

"घोट्याचा एमआरआय?"

"लीगचा लिलाव झाल्यावर करणार. आत्ता केला आणि काही निघालं तर खात्याला कळेल, मग बसवतील." हे बोलताना त्याने आवाज खाली आणला, जणू तपासणी करून घेणं हाच गुन्हा.

त्याला घाबरवावं म्हणून मी फुटबॉलमधली माणसं काढली. २०१० च्या विश्वचषकात ३९ टक्के खेळाडू प्रत्येक सामन्याआधी वेदनाशामक घेत होते, फिफाच्याच डॉक्टरांनी संघांच्या नोंदींवरून हे मांडलं होतं. तो म्हणाला, "बघा, म्हणजे सगळेच घेतात." मग मी क्रोएशियाच्या इव्हान क्लास्निचचं सांगितलं. त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. बिघाड रक्ताच्या अहवालात दिसत असूनही आपल्याला वेदनाशामकं देत राहिले, असा त्याचा दावा. डॉक्टरांविरुद्धचा खटला वर्षानुवर्षं चालला. २००७ मध्ये आईचं मूत्रपिंड बसवलं, ते शरीराने नाकारलं. मग वडिलांचं बसवलं.

"मग?"

"मग काय, २००८ च्या युरो स्पर्धेत खेळला. पोलंडविरुद्ध गोलही केला."

पोराचा चेहरा उजळला. "म्हणजे परत खेळला ना, सर!"

मी कपाळाला हात लावला. मामा मात्र हसले नाहीत. "डॉक्टर, सकाळी तुमच्याकडे आणू का याला?" त्यांनीच विचारलं. खेळल्यावर काही तास लघवीत प्रोटीन येतंच, रात्रीच्या झोपेनंतर ते ओसरायला हवं, म्हणून सकाळचीच लघवी हवी होती. रात्रीचं इंजेक्शन आणि गोळी वगळा, पाणी पाजा, साडेसातला या, म्हटलं.

आले. बाक भरलेला होता, साखरवाली म्हातारी माणसं आणि मध्ये हा खांब. रिसेप्शनवर नाव विचारलं तर माझ्याकडे बघत म्हणाला, "खरंच सांगावं लागतं का?" खरंच लिहिलं. या वेळी पट्टी मी बुडवली. ॲल्ब्युमिन, म्हणजे तेच प्रोटीन, दोन प्लस. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचा कचरा, १.७. पिळदार शरीराच्या माणसाचं थोडं जास्त येतं, १.३ असतं तर गप्प बसलो असतो. अहवालावर लिहून दिलं की सगळी वेदनाशामकं तत्काळ बंद, मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना आजच दाखवा, तीन दिवसांनी पुन्हा तपासणी. मामांनी कागदाची चौघडी करून मालिशच्या पिशवीत ठेवली. पिशवीत तेलाची बाटली, टेपचे रोल आणि इंजेक्शनांची पट्टी होती.

"आज खेळवू का?"

"मला विचाराल तर नाही."

संध्याकाळी तो खेळला. मामांचा फोन आला होता: सुई न टोचता, वीसेक मिनिटं, मग बाहेर बसवला. संघ हरला. तीन दिवसांनंतरच्या तपासणीला ते आले नाहीत, तोवर त्यांची गाडी सुटली होती. माझ्या रजिस्टरमध्ये त्या तारखेसमोरची ओळ कोरीच आहे. दिल्लीला गेलेल्या बाटल्यांबद्दल मला काळजी नव्हती. त्यांत बंदी असलेलं काही निघणार नव्हतं.

दोनेक महिन्यांनी अनोळखी नंबरवरून निरोप आला. "सर, घोटावाला. इंजेक्शन बंद केलं. गोळी एकच घेतो, तीही रोज नाही. लिलावात नाव नाही लागलं. ती क्रिएटिनिनची टेस्ट आता करू का, पुढच्या शिबिरानंतर?"

उद्याच कर, असं मी लिहिलं. बराच वेळ तो काहीतरी टाइप करत होता. मला वाटलं, आता वाद घालणार.

"उपाशीपोटी जावं लागतं का?"

लागत नाही, म्हटलं. पाणी मात्र पिऊन जा.