तीन परीक्षा, एक अभ्यास: इलेक्ट्रॉनिक्सच्या नियोजनाचा माझा अनुभव

अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात माझ्यासमोर विद्यापीठाची सत्र परीक्षा, एम.टेक. प्रवेशासाठीची गेट परीक्षा आणि नोकरीसाठीच्या कॅम्पस मुलाखती अशी तीन कामे एकदमच उभी राहिली. पुण्यातील आमच्या महाविद्यालयात वरच्या वर्गातील बरीच मुले या तिन्हींची वेगवेगळी वेळापत्रके आखत आणि सत्र परीक्षा जवळ आली की उरलेली दोन गुंडाळून ठेवत. मी गेटच्या ईसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि कम्युनिकेशन) शाखेचा अभ्यासक्रम आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम शेजारी ठेवून वाचला, तेव्हा नेटवर्क्स, सिग्नल्स, अ‍ॅनालॉग, डिजिटल, कंट्रोल सिस्टिम्स, कम्युनिकेशन आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स हे विषय दोन्हीकडे असल्याचे दिसले. त्यामुळे सत्रात जो विषय चालू असेल, तोच त्या वेळी गेटच्या खोलीपर्यंत करायचा, एवढेच ठरवले.

हे बोलायला सोपे असले, तरी दोन्ही परीक्षांचे स्वभाव वेगळे आहेत. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेत नीट आकृती आणि डेरिव्हेशन लिहिले की बरेचसे गुण मिळतात. गेटमध्ये मात्र तीन तासांत ६५ प्रश्न असतात आणि त्यांतील संख्यात्मक प्रश्नांना पर्यायच दिलेले नसतात. (या प्रश्नांना ऋण गुण नसतात, हा तेवढाच दिलासा.) म्हणून प्रत्येक प्रकरण वर्गात संपले की त्यावरचे गेटचे जुने प्रश्न सोडवल्याशिवाय मी ते पूर्ण झाले असे मानत नसे. १०० पैकी १५ गुणांचा अ‍ॅप्टिट्यूडचा भाग कॅम्पसच्या लेखी चाचण्यांनाही उपयोगी पडत असल्याने त्याची वेगळी तयारी करावी लागली नाही. इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स मुलाखतींच्या दृष्टीने फारसे कामाचे नव्हते, पण नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या अँटेना पाहिल्यानंतर तो विषय केवळ गुणांसाठी करावासा वाटला नाही.

खरा फायदा झाला तो प्रात्यक्षिकांमुळे. तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून मी एसटीएम३२ या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर आयटूसी या दोन तारांच्या संदेशवहन पद्धतीने तापमानाचा सेन्सर जोडला आणि प्रयोगशाळेतील डीएसओवर (डिजिटल ऑसिलोस्कोपवर) सिग्नल पाहिला. १० किलोओहमचे पुल-अप रेझिस्टर (तारेचे व्होल्टेज वर नेणारे) लावले असता सिग्नलची चढती कड गोलसर दिसत होती, आणि २.२ किलोओहमचे लावताच ती सरळ झाली. आयटूसीच्या तारा ओपन-ड्रेन असल्याने त्यांना खाली ओढण्याचे काम चिप करते, वर नेण्याचे काम मात्र रेझिस्टरला तारांच्या कपॅसिटन्सशी झगडत करावे लागते. म्हणजेच नेटवर्क्समध्ये पाठ केलेला आरसी टाइम कॉन्स्टंट (रेझिस्टन्स आणि कपॅसिटन्सचा गुणाकार) इथे डोळ्यांसमोर होता. आयटूसीच्या ४०० किलोहर्ट्झ वेगाला ही कड चढायला जास्तीत जास्त ३०० नॅनोसेकंदांची मुभा असते, हे मी त्यानंतरच डेटाशीट (चिपचे माहितीपत्रक) काढून वाचले. पुढे एका एम्बेडेड (यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या संगणकांवर काम करणाऱ्या) कंपनीच्या मुलाखतीत नेमका पुल-अपचाच प्रश्न आला, आणि त्यावरून गप्पा इंटरप्ट, सी भाषेतील व्होलटाइल आणि फ्लिप-फ्लॉपच्या सेटअप टाइमपर्यंत गेल्या.

एम्बेडेड की व्हीएलएसआय (म्हणजे चिप डिझाइन), हा निर्णय मी तिसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत लांबवला. मी चौकशी केली तेथे चिप डिझाइनच्या जागांसाठी एम.टेक. झालेल्यांना पसंती होती, तर एम्बेडेडमध्ये सी भाषा पक्की असलेल्या पदवीधरालाही दार उघडे होते. घरची परिस्थिती पाहता मला पदवीनंतर लगेच नोकरी हवी होती. गेट तिसऱ्या वर्षातही देता येते, म्हणून एकदा पेपरचा अंदाज घेण्यासाठी दिली आणि शेवटच्या वर्षात पुन्हा दिली. गेटचा स्कोअर तीन वर्षे ग्राह्य असतो. त्यामुळे आता नोकरी एम्बेडेडमध्ये करते, संध्याकाळी चिप डिझाइनची भाषा व्हेरिलॉग शिकते आणि एम.टेक.चे अर्ज पुढच्या वर्षी भरणार आहे.